भंगारवाल्याला किरणोत्साराची खूण कोण शिकवणार?

चिखलीकर
मागच्या महिन्यात आमच्या जवळच्या एका शाळेत अणु-जैविक हल्ल्याची रंगीत तालीम झाली. पांढरे सूट, शिट्ट्या, पोरं बाकाखाली आणि भरपूर फोटो. गेटबाहेर आमचा नेहमीचा भंगारवाला हातगाडी लावून मजा बघत होता. माझ्या मते शिकवायचं असेल तर आधी त्याला.

२०१० साली दिल्लीत मायापुरीला काय झालं ते आठवा. विद्यापीठात १९८५पासून पडून असलेलं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे किरणोत्साराचा मारा करणारं यंत्र, लिलावात भंगारात गेलं. भंगारवाल्यांनी शिसं सोललं आणि आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६०च्या कांड्या कापल्या. एकाने तर चकाकता तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला. काही जण भाजले, एक जण गेला. डर्टी बाँबवाल्याला, म्हणजे साध्या स्फोटाने किरणोत्सारी माल पसरवणाऱ्याला, नेमका असाच बेवारस माल हवा असतो. तो आधी दिसतो कुणाला? हातगाडीवाल्याला.

हिशेबी
साफ असहमत. मायापुरी हा दहशतवाद नव्हता, निष्काळजीपणा होता, तोही रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांचा. ज्यांच्याकडे डॉक्टरेट आहे ते विसरले आणि शिकवणी कुणाची? जो दिवसाला पाचशे रुपये कमावतो त्याची! अणुऊर्जा नियामक परिषदेकडे प्रत्येक स्रोताचा चोख हिशेब असला की भंगारवाल्याच्या डोळ्यांवर विसंबायची वेळच येत नाही. आणि अशा तालमींतून भीतीच पसरते. १९९४चा सुरतेचा प्लेग विसरलात? लाखो माणसं गाडीत कोंबून पळाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब. मुंबईत लोक नाकाला रुमाल बांधून फिरत होते.

गावठी डॉक्टर
हिशेबीसाहेब, सुरतेआधी बीड होतं. मामला गावात पिसवांचा सुळसुळाट झालाय, उंदीर पडताहेत, हे आधी गावकऱ्यांनीच सांगितलं. कसं कळलं त्यांना? कुणी शिबिर घेतलं नव्हतं. उंदीर पडले की घर सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे आज्या-पणज्यांकडून आलेलं. सुरतेत लोक पळाले ते माहिती मिळाली म्हणून नाही, मिळाली नाही म्हणून.

कोरेगाव पार्क
मग आता आमच्या शेजाऱ्यांचं ऐका. १९८४मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात द डॅल्स गावी ७५१ माणसं आजारी पडली. रजनीशांच्या अनुयायांनी दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला होता. कशासाठी? काउंटीच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला येऊ नये म्हणून. म्हणजे आमच्या पुण्याच्या आश्रमातून गेलेलं बिऱ्हाड! मेलं कुणी नाही, ते नशीब.

आता गंमत बघा. तिथल्या आरोग्य खात्याने खापर फोडलं हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर. वर्षभराने खुद्द रजनीशांनीच आपली सेक्रेटरी शीला हिच्याविरुद्ध तोंड उघडलं तेव्हा पोलिस कम्यूनच्या प्रयोगशाळेत शिरले. २००१ला अमेरिकेत टपालाने आलेली अँथ्रॅक्सच्या जंतूंच्या पुडीची पाकिटं तर एफबीआयच्या निष्कर्षानुसार सैन्याच्या प्रयोगशाळेतल्याच शास्त्रज्ञाने पाठवली. घरभेद्याला सामान्य माणसाने काय ओळखायचं? प्रयोगशाळांवर लक्ष ठेवा, एवढंच. हिशेबींना +१.

चिखलीकर
ओरेगॉनचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण अँथ्रॅक्सचं अर्धंच सांगितलंत. पाकीट सिनेटमध्ये उघडलं, तिथल्या लोकांना लगेच औषधाच्या गोळ्या मिळाल्या. ते पाकीट ज्या टपाल केंद्रातून गेलं तिथले कामगार मात्र कामच करत राहिले, त्यातले दोघे गेले. बंद पाकिटातूनही पूड बाहेर येते, हे त्यांना वेळेवर कळायला नको होतं?

आणि १९८७चं ब्राझीलमधलं गोयानिया. भंगारात किरणोत्सारी सीझियम आलं, रात्री निळं चमकायचं, लोकांनी अंगाला चोळलं. चौघं गेली. हे थांबलं ते भंगारवाल्याच्या बायकोमुळे. घरातली सगळी एकदम आजारी पडतात म्हणजे हाच डबा, असं तिला वाटलं आणि तिने तो पिशवीत भरून बसने आरोग्य कार्यालयात नेला. गेलेल्या चौघांत तीही होती.

तालमीनंतर आमच्या भंगारवाल्याला मी मोबाईलवर तीन पात्यांची पिवळी खूण दाखवली. हातातलं दोरीचं चुंबक खाली ठेवून त्याने नीट पाहिली. म्हणाला, "पंखा है." आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ला काढलेली लाल त्रिकोणाची खूण दाखवली, कवटी आणि पळणारा माणूस असलेली, तेव्हा लगेच, "भागने का."

हिशेबी
झालं ना सिद्ध! ती लाल खूण यंत्राच्या आत असते, उघडायला गेलं की दिसते. मायापुरीचं यंत्र तर १९८५आधीचं, त्यावर ती असणारच कशी? देशभर अशी किती जुनी पेटारी पडली असतील, त्यांना कुठलं शिक्षण पुरणार?

गावठी डॉक्टर
खूण जाऊ द्या. आकारापेक्षा फार जड डबा, आत शिसं, एवढं सांगितलं तरी पुरे. उलट्या आणि हातावर न भाजता आलेले फोड घेऊन कुणी आला तर "कुठे काम करतोस" हे विचारायला आम्हा डॉक्टरांनाही शिकवा. आम्ही मलम देऊन पाठवतो.

चिखलीकर
डॉक्टर, जड डब्याचं मी त्याला सांगितलं. कापू नको, लांब हो, फोन कर. "किसको?" म्हणाला. मी म्हटलं ११२. तर हसला. "साहब, पुलिस पहले पूछेगी माल चोरी का है क्या. डब्बा बाद में देखेगी." हिशेबी, याला तुमच्याकडे काही उत्तर आहे का? माझ्याकडे नव्हतं.