सीटची एडी विमानाच्या मॉडेलवर शोधून सापडत नाही

प्रश्न
व्हीटी (भारतीय) नोंदणीचं आठ आसनी बिझनेस जेट आहे. केबिन नंतर एसटीसीवर (विमानाच्या मूळ डिझाइनमधल्या बदलाची मंजुरी) दुसऱ्या कंपनीने बदललेली. सीटवर एडी (सुरक्षेसाठी सक्तीच्या तपासणी-दुरुस्तीचा आदेश) निघाल्याचं कळलं, पण विमानाच्या मॉडेलवर काहीच दिसत नाही. लागू आहे का, ते कशावरून ठरवायचं? तपासणीत काय बघायचं?

उत्तर १
ही एडी विमानावर नाही, सीटवर आहे. सीट बनवणाऱ्याच्या नावाने शोधा. मग गाद्या काढून प्रत्येक सीटच्या नेमप्लेटवरून पार्ट नंबर (डॅशनंतरच्या आकड्यासकट, म्हणजे डॅश नंबरसकट), सिरियल नंबर आणि टीएसओ (सीट ज्या मानकावर मंजूर झाली तो) उतरवून घ्या. केबिनच्या नकाशावर विसंबू नका, सीटची अदलाबदल झालेली असू शकते. नवं लेदर चढवताना नेमप्लेट झाकली गेली असेल तर ती आधी मोकळी करा. डाव्या-उजव्या सीटचे डॅश नंबर बहुधा वेगळे असतात, त्यामुळे एकच सीट बघून आठांचा निकाल लावू नका.

उत्तर २
पद्धत एडीत दिलेली असेल तीच. पण बिझनेस जेटची सीट सरकते, फिरते, मागे कलते, म्हणून हलणारे भाग आणि लॉक जास्त झिजतात. टेकऑफ-लँडिंगच्या स्थितीत लॉक करून, लिव्हरला हात न लावता सीट चारही बाजूंना जोर देऊन हलवा. लिव्हरची केबल घट्ट ताणलेली राहिली की लॉकची पिन अर्धीच बसते. बाहेरून लॉक झाल्यासारखं वाटतं, आणि १६ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट) धक्का-चाचणीला पास झालेल्या सीटचा मग काही भरवसा नाही.

तडे बोल्टच्या भोकांच्या कडेला आणि कोपऱ्यांच्या गोलाईत शोधा. आधी साफ करा, मग टॉर्च आणि १० पट भिंग. शंका आली तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो उघड करणारं रंगीत द्रव), पण रंग काढल्याशिवाय नाही. रंगाखालचा तडा त्यात दिसत नाही. गॅलीजवळच्या (खाण्यापिण्याची तयारी होते तिथल्या) सीट ट्रॅकमध्ये, म्हणजे सीट जिच्यात बसते त्या जमिनीवरच्या पट्टीत, सांडलेल्या पेयांमुळे गंज धरतो, तिथे व्हॅक्यूम मारूनच बघा. पट्ट्याचे धागे, बकल आणि अँकर बोल्टही त्याच वेळी बघून घ्या.

प्रश्नकर्ता
एका सीटचा भाग मुदतीत मिळाला नाही तर? एमईएलवर (काय नादुरुस्त असताना उडता येतं त्याची मंजूर यादी) टाकता येईल?

उत्तर ३
एमईएलने एडीची मुदत वाढत नाही. सीट बंद ठेवून उडायची मुभा एडीतच दिली असेल तरच चालेल, नाहीतर एएमओसी (एडी पाळायच्या पर्यायी पद्धतीची मंजुरी) घ्या किंवा सीट मंजूर कागदपत्रांनुसार काढा. काढली तर वजन-संतुलनाचा हिशेब नव्याने करावा लागेल. लॉगबुकात एडी क्रमांक, तिची सुधारित आवृत्ती, पद्धत, तारीख, तास आणि पुन्हा करायची असेल तर पुढची मुदत, हे सीटच्या सिरियल नंबरनुसार लिहा. लागू नसेल तर का नाही तेही लिहा.