कोकणात किनाऱ्यावर फुकट मुक्काम: ईको, दोन तंबू, वीज-पाण्याची जोडणी नाही

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. जानेवारीत नागपूरहून कोकणात जायचा विचार करून राहिलो आहोत. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं (९ आणि १३ वर्षं). गाडी ईको पाच सीटर, बीएस-६ पेट्रोल. आई गाडीत झोपेल, बाकीचे दोन तंबूंत. चार रात्री. रिसॉर्टवाल्यांचे तयार तंबू नकोत, स्वतःच्या सामानानिशी समुद्राच्या जवळ राहायचं आहे.

रस्ता बुटीबोरी-यवतमाळ-नांदेड-तुळजापूर-सोलापूर-कोल्हापूर आणि मग आंबा घाटाने रत्नागिरी, असा धरला आहे. मुक्काम गुहागर ते वेंगुर्ला या पट्ट्यात कुठेही चालेल. चांदणं मिळावं म्हणून पौष पौर्णिमेला धरून निघणार आहोत.

प्रश्न असे: तंबू पाण्यापासून किती दूर लावावा? घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी उचलून न्यावी का? मुलांना दुपारी गाडीत झोपवायला छोटा कूलर त्यावर चालेल का? पाणी किती न्यावं? आणि फुकट राहायला कोणी हटकतं का?

खारेवारे

भाऊ, सगळ्यात आधी तारीख बदला. बाकी सगळं नंतर.

पौर्णिमा आणि अमावस्येला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुक्कामाची जागा ठरवायला एवढं पुरतं. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आता बघा, पौर्णिमेला मोठी भरती नेमकी मध्यरात्रीच्या आसपास येते, सगळे गाढ झोपेत असताना. अष्टमीला मध्यरात्री ओहोटी असते आणि भरतीही लहान. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र रात्री बाराच्या सुमारापर्यंत असतोच, त्यामुळे मुलांना चांदणंही मिळेल.

दुसरी गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्याला हमखास चकवते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. हिवाळ्यात रात्रीची मोठी, पावसाळ्यात दिवसाची मोठी. दुपारच्या भरतीची ओली रेघ बघून तिच्या दहा पावलं वर तंबू ठोकला, तर रात्रीचं पाणी ती रेघ ओलांडून येतं. म्हणून ओली रेघ बघू नका. वाळलेला कचरा, काटक्या, शेवाळाचे सुकलेले पुंजके आणि शिंपल्यांचा चुरा यांची जी सर्वांत वरची ओळ दिसते ती शोधा, आणि तिच्याही वर, जिथे वेली किंवा गवत उगवलेलं आहे तिथे जा. मर्यादवेल वाढलेली असेल तर तिथवर पाणी नेहमी येत नाही.

अंतर मीटरमध्ये विचारू नका, उंचीत विचारा. किनारा सपाट असेल, समजा ४० मीटरला १ मीटर चढ, तर पाणी अर्धा मीटर जास्त चढलं की २० मीटर आत येतं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो, वेंगुर्ल्याकडे साधारण निम्मा राहतो. खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूच्या पट्टीवर तर मुक्काम नकोच, तिथे पाणी मागच्या बाजूनेही येतं.

तंबूचं तोंड: दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडून खारे वारे, मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारे. समुद्राकडे तोंड केलं तर संध्याकाळी वाळू आत येते, जमिनीकडे केलं तर पहाटे गार वारा. किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे तोंड ठेवा आणि दोन्हीकडच्या जाळ्या थोड्या उघड्या राहू द्या. जाळी बंद केली तर सकाळी तंबूच्या आतून पाणी ठिबकतं. कोकणात दव भरपूर पडतं. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर आत दुमडलेली हवी. बाहेर डोकावली तर दवाचं पाणी तिच्यावर जमतं आणि तळाखाली शिरतं.

सुरूच्या बनात सावली चांगली (गुहागर, शिरोड्याजवळचं वेळागर), पण खाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो. तिथे चूलही नको आणि शेकोटीही नको. माडाखाली तंबू कधीच नाही. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळीसुद्धा तंबू फाडायला पुरेशी असते.

सोलरमिस्त्री

विजेचं मी सांगतो.

ट्यूब्युलर बॅटरी नेऊ नका. ५०-६० किलोचं धूड, आत आम्ल, घाटात कलंडली तर झाकणातून सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. आई ज्या गाडीत झोपणार त्या गाडीत ती नकोच. शिवाय १५० एएच दिसत असले तरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी साधारण ९०० वॅट-तास.

त्याऐवजी १२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. वजन ११ ते १३ किलो, आत १२८० वॅट-तास, त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात. तुमची गरज मोजू: १२ व्होल्टचे १५ वॅटचे दोन पंखे, दहा तास, झाले ३००. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, १००. फोन आणि एक बॅटरी-टॉर्च मिळून ६०. रोजचे ४६० म्हणजे गाडी न हलवता दोन रात्री आरामात निघतात. फ्रिज नेणार असाल तर रोज आणखी ४००-५०० धरा. मग २०० वॅटचं सोलर पॅनल लागेल, जे जानेवारीच्या उन्हात दिवसाला ६००-७०० देतं. पॅनल गाडीच्या टपावर आडवं ठेवू नका, दक्षिणेकडे तिरकं टेका. संध्याकाळी त्यावरचा खारट थर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा.

गाडीतून चार्ज करताना लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तापतो आणि जळतो. मध्ये करंट आवरून धरणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. पुढच्या बॅटरीपासून मागे चारेक मीटर तांब्याची १० चौरस मिलिमीटरची वायर टाका, ६ ची टाकली तर अर्धा व्होल्ट वाटेतच पडतो. फ्यूज दोन: एक पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, दुसरा मागच्या बॅटरीजवळ. वायर दोन्ही टोकांनी जिवंत असते, एकाच टोकाला फ्यूज लावून भागत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (कडं) घाला, नाहीतर कंपनाने इन्सुलेशन कापलं जातं.

कूलर घरीच ठेवा. कूलर चालतो तो आपल्या कोरड्या हवेमुळे. नागपुरात मे महिन्यात हवा पाणी पिऊन घेते म्हणून गार वाटतं. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच ओल असते, तिथे कूलर फक्त दमटपणा वाढवतो, गाद्या ओल्या करतो, बॅटरी खातो आणि वर प्यायचं पाणी पितो. दुपारी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना जाळी लावा, गाडीच्या टपावर वीतभर उंच हिरवं शेडनेट ताणा (टपाला चिकटवून नको, मधून वारा खेळला पाहिजे) आणि पंखा सुरू करा. तेवढं पुरतं.

एक कायद्याचं: सीट काढून कायमचा पलंग ठोकू नका. नोंदणीत लिहिलेल्या गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मागच्या सीटा दुमडून वर १२ मिलिमीटर प्लायचा, खाली पाय असलेला, काढता-घालता येणारा पाट ठेवा.

सुरुबन

वरचं सगळं बरोबर आहे. राहिलेलं लिहिते.

फुकट म्हणजे कोणालाही न विचारता, असं नाही हो भाऊ. वाळूच्या मागची माडा-सुरूची जागा बऱ्याचदा कोणाची तरी वाडी असते, नाहीतर वनखात्याची. दिवस मावळायच्या दोन तास आधी गावात पोहोचा, ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना भेटा, गाडीचा नंबर आणि किती जण आहोत ते सांगा, आधारची एक प्रत द्या. विचारून आलेल्या, म्हातारी आई सोबत असलेल्या कुटुंबाला गाव सहसा नाही म्हणत नाही, उलट रात्री विहीर आणि संडास कुठला वापरायचा तेही दाखवतात. अंधारात गुपचूप तंबू लावणाऱ्याला मात्र रात्रीच उठवतात, आणि ते योग्यच आहे. एका ठिकाणी एक, फार तर दोन रात्री.

गाडी वाळूवर घालू नका, कितीही घट्ट दिसली तरी. ओहोटीला घट्ट लागणाऱ्या वाळूखाली पाणी असतं, चाक जरा फिरलं की ती पातळ होते, आणि मग भरती वाट बघत नाही. मुरमाच्या किंवा डांबरी जागेवरच गाडी लावा, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. चुकून रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, चालत्या चाकांची (ईकोची मागची) हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, पुढे पायपुसणी किंवा चुंगड्या (पोती) घाला आणि सेकंड गिअरमध्ये हळू काढा. डांबरावर आल्या आल्या हवा भरायची, म्हणून १२ व्होल्टचा पंप जवळ असू द्या.

तंबूच्या सोबत येतात त्या खुंट्या वाळूत एका झुळकीत निघतात. नागपुरात कळमन्याच्या बाजारातून रिकाम्या चुंगड्या घ्या, एका तंबूला आठ: चार कोपरे, चार ताण. प्रत्येकीत ८-१० किलो वाळू भरायची, तोंड बांधायचं, दोर मधोमध आवळायचा. ४० सेंटिमीटर खोल चर खणून चुंगडी दोराच्या ओढीला आडवी ठेवा, वरून ओली वाळू घालून पायाने दाबा. दोर जमिनीतून तिरका बाहेर यावा म्हणून चराच्या कडेला त्याच्यासाठी बारीक खाच पाडा. ही खाच विसरली की दोर चुंगडीला वर उचलतो आणि सगळी मेहनत वाया. निघताना वाळू ओतून चुंगड्या घरी परत.

पाणी: माणशी रोज १० लिटर धरा, त्यातलं ४ प्यायचं. पाच जणांचे रोजचे ५०. चार दिवसांचे २०० लिटर एकदम भरू नका. गाडी मागून बसते आणि आंबा घाट उतरताना ब्रेक तापतात. रिकामे कॅन न्या, घाट उतरल्यावर १०० लिटर भरा, एक दिवसाआड पुन्हा. विहिरीचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवून प्या. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात वाळूने घासून घ्या आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उगाच साबण घालवू नका.

गॅस ५ किलोचा सिलिंडर पुरून उरतो, एका बर्नरला तासाला १५०-२०० ग्रॅम लागतो. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, पाऊस आला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री सिलिंडर गाडीबाहेर, कारण गळलेला गॅस जड असतो आणि खाली, झोपलेल्या माणसाच्या उंचीला साचतो.

शेकोटी हवीच असेल तर ओल्या वाळूवर, सुरूपासून लांब, आणि विझवायची पाण्याने. निखाऱ्यांवर वाळू ओढू नका. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत निखारे कित्येक तास धगधगत राहतात. सकाळी अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय नेमका तिथे पडतो.

आणि कासवं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला याच किनाऱ्यांवर येतात. गुहागरलाही येतात. पांढरा दिवा दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. समुद्राकडे तोंड केलेला एकही दिवा लावू नका, टॉर्चला लाल कागद गुंडाळा. जाळीचं कुंपण घातलेली जागा दिसली तर ती घरट्यांची असते, तिथून लांब राहा. माग दिसला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा पण पाण्यापासून वर गेलेला, तर त्यावरून चालू नका, गावात कळवा.

मनीषनगरकर

खूप आभार. तारीख शुद्ध अष्टमीला धरून घेतली. दोन शंका: आईच्या रात्रीच्या संडासाचं काय? आणि आरे-वारेला मुलं पाण्यात उतरली तर चालेल का?

सुरुबन

आईंसाठी २० लिटरच्या टाकीचा पोर्टेबल संडास घ्या. फक्त रात्री आणि त्यांनीच वापरला तर चार दिवस जातो. फॉर्मालिन असलेलं रसायन टाकू नका, ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. ज्याच्या संडासात रिकामा करायचा त्याला विचारून. वाळूत खड्डा करून भागवू नका, तिथे ते कुजत नाही आणि पुढची भरती उघडं पाडते.

खारेवारे

आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला मुलांना पाण्यात उतरवू नका. तळ एकदम खोल जातो आणि परतीची ओढ जबरदस्त असते, पोहता येणारेही तिथे बुडाले आहेत. गुहागरला, भरती चढत असताना, मुलांच्या गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात, मोठं माणूस समुद्राच्या बाजूला उभं राहून. ओहोटी लागली की बाहेर. अष्टमीला ती सकाळी साडेसहा-सातलाच लागते, म्हणजे पाण्यात खेळायची वेळ दुपारी तीन ते साडेपाच.

परतताना कोल्हापूरला गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नागपूरपर्यंत मीठ तसंच नेऊ नका. तंबूच्या चेनमधली वाळू कोरड्या ब्रशने झाडा, मग मेणबत्ती घासा.