एलएल.बी. पहिले वर्ष : पाठांतर चांगले असूनही गुण मिळत नाहीत, मार्गदर्शन हवे आहे

गारगोटीकर (प्रश्न) :

नमस्कार. मी कोल्हापुरात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मराठी विषय घेऊन बी.ए. केले, त्यानंतर दोन वर्षे एका पतसंस्थेत नोकरी केली आणि मग हा अभ्यासक्रम निवडला. रोज गारगोटीहून सकाळच्या एसटीने येते, व्याख्याने चुकवत नाही आणि टिपणेही नीट काढते. तरीही करार कायद्याच्या पहिल्या अंतर्गत चाचणीत मला 20 पैकी 7 गुण मिळाले.

त्या चाचणीत एक प्रसंग दिला होता. एका शेतकऱ्याची म्हैस हरवली आणि शोधून देणाऱ्यास त्याने 5,000 रुपयांचे बक्षीस जाहीर केले. बक्षिसाची काहीच कल्पना नसलेल्या एका माणसाला ती म्हैस सापडली व त्याने ती परत आणून दिली. बक्षिसाचे त्याला नंतर कळले, तर त्याला ते मागता येईल का, असा प्रश्न होता. मी प्रस्तावाची व्याख्या, प्रस्तावाचे प्रकार, स्वीकृतीचे नियम असे सगळे मिळून चार पाने लिहिली. शिक्षकांनी खाली शेरा दिला, "विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोठे आहे?"

अभ्यास कमी पडतो असे मला वाटत नाही, पण अभ्यासाची दिशा चुकत असावी. कलमांची इंग्रजी वाक्ये इतकी लांब असतात की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. सत्र परीक्षेला सात आठवडे उरले आहेत. कृपया अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

कसबा बावडा (वकील) :

आपला प्रश्न वाचून माझे पहिले वर्ष डोळ्यांसमोर आले. आता जिल्हा न्यायालयात वकिली करत असल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो, ती म्हणजे समस्याप्रधान प्रश्न हाच कायद्याच्या अभ्यासाचा गाभा आहे, कारण पक्षकार कधीच "प्रस्तावाचे प्रकार सांगा" असे विचारत नाही. तो आपली म्हैस, आपली जमीन किंवा आपला धनादेश घेऊन येतो आणि त्यातला कायद्याचा प्रश्न आपल्याला शोधून काढावा लागतो.

आपलाच प्रसंग घेऊ. यातला वादाचा मुद्दा एकच आहे : ज्याला प्रस्ताव ठाऊकच नव्हता, त्याने केलेल्या कृतीला स्वीकृती म्हणता येते का? उत्तराचे पहिले वाक्य हेच असायला हवे होते. त्यानंतर कायदा लिहायचा, आणि तोही या मुद्द्यापुरताच. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(अ) मध्ये प्रस्ताव म्हणजे काय आणि कलम 2(ब) मध्ये स्वीकृती म्हणजे काय ते सांगितले आहे. ज्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला त्याने त्याला संमती दर्शवली की प्रस्ताव स्वीकारला गेला, असे कलम म्हणते, आणि ज्या गोष्टीची माहितीच नाही तिला संमती देता येत नाही. यासाठी आधाराला 1913 चा लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा अलाहाबादचा निवाडा आहे. मालकाच्या हरवलेल्या पुतण्याला शोधायला नोकराला पाठवले होते आणि तो गेल्यानंतर मालकाने बक्षीस जाहीर केले. नोकराने मुलाला शोधले, पण त्या वेळी त्याला बक्षिसाची माहिती नव्हती, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला.

बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात, आणि माझ्या मते गुण नेमके इथे जातात. निवाड्याची गोष्ट सांगून झाली की ती आपल्या प्रसंगाला लावून दाखवावी लागते. लालमन नोकर होता, शोध घेणे हे त्याचे कामच होते. आपल्या प्रसंगातला माणूस मात्र कोणाचा नोकर नाही. या फरकामुळे निकाल बदलतो का? माहितीचा अभाव दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे बदलत नाही, असे दोन ओळींत लिहिले की परीक्षकाला कळते की हा विद्यार्थी विचार करतो. शेवटी निष्कर्ष : बक्षीस मागता येणार नाही. हे सगळे दीड पानात मावते. उरलेली अडीच पाने आपण कष्टाने लिहिलीत हे खरे, पण त्यांना गुण देण्यासाठी परीक्षकाकडे जागाच नव्हती.

निवृत्त अध्यापक :

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. कलमाच्या भाषेबद्दल थोडे सांगतो, कारण अनेक वर्षे शिकवताना माझ्या ध्यानात आले की मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले याच ठिकाणी अडतात आणि मग मूळ कायदा सोडून मार्गदर्शक पुस्तकांच्या (गाइडच्या) आहारी जातात.

बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा केवळ मूळ मजकूर असलेले पुस्तक, हातात घ्या आणि कलम तोडून वाचा. उदाहरणार्थ, कलम 2(ड) मधील प्रतिफलाची (वचनाच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याची) व्याख्या एका लांबलचक वाक्यात आहे. तिचे तुकडे वहीत एकाखाली एक लिहा : वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून, वचन घेणाऱ्याने किंवा अन्य कोणी, काही केले आहे, करतो आहे किंवा करण्याचे वचन देतो आहे, अथवा करण्यापासून दूर राहिला आहे. आता प्रत्येक तुकड्यापुढे एक निवाडा मांडा. "वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून" या शब्दांपुढे 1880 चा दुर्गा प्रसाद विरुद्ध बलदेव हा निवाडा येतो. तेथे एकाने जिल्हाधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून स्वखर्चाने बाजारपेठ बांधली, नंतर दुकानदारांनी त्याला विक्रीवर दलाली देण्याचे वचन दिले, पण बाजारपेठ दुकानदारांच्या इच्छेवरून बांधलेली नसल्यामुळे ते वचन प्रतिफलाविना ठरले. "अन्य कोणी" या दोन शब्दांपुढे 1882 चा चिन्नय्या विरुद्ध रामय्या. असे केल्यावर व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही आणि निवाडेही आपापल्या जागी लक्षात राहतात. इंग्रजी संज्ञेला मराठी शब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहावा.

अपकृत्य कायद्याची (टॉर्ट, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीच्या कृत्याने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा) गोष्ट वेगळी. तो बव्हंशी निवाड्यांतून घडलेला असल्यामुळे तेथे तोडायला कलम नाही आणि तत्त्व निवाड्यातूनच काढावे लागते. 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निवाड्यात गिरणीमालकाच्या जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले, आणि धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर साठवणाऱ्याची ती निसटल्यास कठोर जबाबदारी (त्याची चूक नसली तरी भरपाईची जबाबदारी) असते, हे तत्त्व त्यातून आले. दैवी आपत्ती हा त्याला अपवाद. इथे कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने आपले डोळे वापरावेत असे मला मनापासून वाटते. पंचगंगेच्या पुरात एखाद्या कारखान्याची टाकी फुटून रसायन शेजारच्या उसात शिरले, तर मालकाला दैवी आपत्तीचा बचाव मिळेल का? 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर पाहिलेल्या शहरात पुढचा पूर अकल्पित होता असे म्हणता येईल का? आणि व्यवसायच घातक स्वरूपाचा असेल, तर डिसेंबर 1985 मधील दिल्लीच्या वायुगळतीनंतर एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मांडलेल्या संपूर्ण जबाबदारीच्या तत्त्वाला एकही अपवाद नाही, हे विसरू नये. असा प्रसंग स्वतः रचून सोडवणारा विद्यार्थी परीक्षेत कोणत्याही प्रसंगाला घाबरत नाही.

तृतीय वर्ष :

ताई, सरांनी मूळ गोष्ट सांगितलीच आहे, मी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगते.

फौजदारी कायद्यासाठी वरच्या वर्गातल्यांच्या जुन्या झेरॉक्स टिपणांवर विसंबून राहू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या 511 कलमांच्या जागी 358 कलमे आली आहेत आणि क्रमांक सगळे बदलले आहेत. खुनाची व्याख्या 300 वरून 101 वर गेली, शिक्षा 302 वरून 103 वर आणि फसवणुकीचे 420 आता 318 मध्ये आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू असल्यामुळे दोन्ही क्रमांक शेजारी लिहिलेला तक्ता मी स्वतः तयार केला होता आणि तो अजून उपयोगी पडतो. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक मात्र शब्दांवर उभा आहे. ते शब्द जवळपास तसेच राहिल्यामुळे 1958 चा विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निवाडा आजही वाचावाच लागतो.

संविधानाचा अभ्यास करताना कलम 16(4) (मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकरीतील आरक्षण) आले की राजर्षी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आदेश आठवा. करवीर संस्थानात 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याची ती आज्ञा होती. उत्तरात ती एका ओळीत पुरे, कारण गुण आरक्षणावरील 1992 च्या इंद्रा साहनी निवाड्याला आहेत.

एसटीचा प्रवास लांबचा असल्याने उपस्थितीवरही लक्ष असू द्या, बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के उपस्थिती सांगितली आहे. आणि एखादी दुपार मोकळी असेल तर सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज पाहण्यास परवानगी मिळते का, याची चौकशी करा. न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून "मुद्दा काय आहे?" असे विचारतात, ते एकदा ऐकले की उत्तराचे पहिले वाक्य कसे लिहायचे ते वेगळे शिकावे लागत नाही.

गारगोटीकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री एक प्रसंग घेऊन उत्तर लिहून पाहिले. सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून सावकाराकडून दुचाकीसाठी 40,000 रुपये घेतले आणि आता तो परत करण्यास नकार देतो. मी असे लिहिले : "मुद्दा : अज्ञानाने (अठरा वर्षांखालील व्यक्तीने) केलेला करार त्याच्यावर बंधनकारक आहे का? कलम 11 नुसार सज्ञान व्यक्तीच करार करण्यास सक्षम असते. त्यामुळे हा करार मुलाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय (रद्द करता येण्याजोगा) आहे. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, 1903. म्हणून सावकाराला रक्कम मिळणार नाही." हे बरोबर आहे का?

कसबा बावडा (वकील) :

मुद्दा आपण अचूक पकडलात आणि उत्तर सहा ओळींत आले, ही मोठी प्रगती आहे. दोन दुरुस्त्या करा. पहिली, "शून्यकरणीय" हा शब्द चुकला. बळजबरीने किंवा फसवणुकीने संमती मिळवली तर करार शून्यकरणीय होतो. अज्ञानाचा करार मात्र मुळापासूनच शून्य असतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो, आणि प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहोरी बीबीत नेमके हेच ठरवले. या एका शब्दावर अर्धे गुण अवलंबून असतात.

दुसरी, प्रसंगातले "वय लपवून" हे शब्द आपण वापरलेच नाहीत. प्रश्नकर्त्याने ते उगाच घातलेले नाहीत. मोहोरी बीबीत कर्ज देणाऱ्याच्या प्रतिनिधीला मुलाचे वय माहीत होते, येथे सावकाराला ते माहीत नाही. तरीही करार शून्यच राहतो, मात्र विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 33 नुसार, अज्ञानाने आपण करारास सक्षम नव्हतो हा बचाव घेतला, तर त्याला जेवढा लाभ प्रत्यक्षात झाला तेवढा परत करण्यास न्यायालय सांगू शकते. दुचाकी अजून त्याच्या दारात उभी असेल तर सावकार अगदीच रिकाम्या हाताने जाणार नाही. हे जोडून उत्तर पुन्हा लिहा आणि येथे टाका, मी पाहीन.