धूमकेतू, केतू आणि शेंडेनक्षत्र

रंकाळाकाठ : धूमकेतूची बातमी आली की गावात "केतूची शांत करून घ्या" सुरू होतं. अंबाबाईच्या आवारात नवग्रहांमध्ये जो केतू आहे, तोच का हा? आणि शेंडेनक्षत्र म्हणजे उल्का का धूमकेतू?

पातबिंदू : तो नव्हे. नवग्रहांतला केतू म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला, छेदते त्या दोन बिंदूंपैकी एक, दुसरा राहू. दोघं कायम १८० अंशांवर, उलट्या गतीने, सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी. तिथं डोळ्यांना दिसण्यासारखं काही नाहीच. गणित बसतं म्हणून पंचांगात त्याचे अंश छापता येतात.

उलट जुना ज्योतिषी वराहमिहिर त्याच्या बृहत्संहिता ग्रंथाच्या ११व्या अध्यायात, केतुचारात, सुरुवातीलाच सांगतो की केतूंचा उदयास्त गणिताने कळत नाही. तो केतू शेंडीवाला. कुणी १०१ मानतात, कुणी १०००. 'शिखी' (शेंडीवाला) हा शब्द ग्रह केतू आणि धूमकेतू दोघांनाही लावतात, तिथं घोळ होतो. 'केतुचार'चं भाषांतर 'केतूचं गोचर', म्हणजे ग्रहाचं राशींतून फिरणं, असं केलं की मग संपलंच.

मंगळवारपेठकर : केतू म्हणजे निशाण, ध्वज. ऋग्वेदात 'धूमकेतू' हे अग्नीचं विशेषण आहे, धूर हेच ज्याचं निशाण तो. केतूसाठी म्हणतात त्या 'केतुं कृण्वन्नकेतवे' मंत्रातला केतू तर प्रकाश, जाणीव अशा अर्थाचा. ग्रहाशी नातं नावापुरतं.

गणपतीच्या बारा नावांत 'धूम्रकेतु' आहे, म्हणून काही जण आकाशातल्यालाही 'धूम्रकेतू' लिहितात. ते टाळावं. एकटा शब्द दीर्घ, 'धूमकेतू'. समासात ऱ्हस्व, 'धूमकेतुदर्शन'. अनेकवचनही धूमकेतूच.

शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतूच, २७ नक्षत्रांशी त्याचा संबंध नाही. उल्केला आपण 'तारा तुटला' म्हणतो. ती क्षणात विझते; शेंडेनक्षत्र रोज थोडं थोडं सरकत आठवडेच्या आठवडे दिसतं.

रंकाळाकाठ : मग शांत कशाची करायची?

पातबिंदू : पत्रिकेपुरती, कशाचीच नाही. ज्योतिषाचे स्कंध, म्हणजे शाखा, तीन : गणित, होरा (माणसाचं भविष्य), संहिता (देश-काळाचे शकुन). पत्रिका होरेत येते, धूमकेतू संहितेत. त्याचं फळ राजा, देश, पाऊस, पीक यांना. 'माझ्या राशीला काय?' हा प्रश्नच त्या अध्यायाचा नाही.

त्यात आधी रूप बघतात. आखूड, बारीक, सरळ, तुकतुकीत, पांढरा आणि थोडेच दिवस दिसणारा असला तर सुभिक्ष, म्हणजे सुकाळ. याच्या उलट असला तर अशुभ, त्यातही इंद्रधनुष्यासारखा किंवा दोन-तीन शेंड्यांचा जास्त वाईट. जितके दिवस दिसेल तितके महिने फळ, महिने दिसला तर तितकी वर्षं. आणि फळाला सुरुवात तीन पक्षांनंतर. मग कोणत्या नक्षत्राला तो लागला त्यावरून प्रदेश ठरतो.

मंगळवारपेठकर : नियम लावून बघा, म्हणजे अडचण कळते. १९९७ मध्ये ऐन भरात असलेला हेल-बॉप नुसत्या डोळ्यांनी सुमारे १८ महिने दिसत होता. म्हणजे फळ १८ वर्षं! तेवढ्यात कुठं ना कुठं दुष्काळही पडणार आणि राजाही जाणार. शिवाय धुळीची पांढरट आणि आयनांची (विद्युतभारित कणांची) निळसर अशा दोन शेपट्या मोठ्या धूमकेतूंना बहुधा असतातच. मग 'द्विचूल', म्हणजे दोन शेंड्यांचा, अशुभ म्हटलं की चांगला उरतो कोण? आणि गणिताने कळत नाही म्हणावं, तर एडमंड हॅले यांनी वर्तवलेला धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात दिसलाच. आता तो २०६१ मध्ये येईल.

रंकाळाकाठ : 'धूमकेतूसारखा उगवला' हे बरोबर का?

मंगळवारपेठकर : अवचित येऊन जाणाऱ्याला चालतं. 'मागे शेपूट सोडत गेला' हे मात्र चुकीचं. शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. सूर्य मावळल्यावर रंकाळ्याच्या पाण्यापलीकडं पश्चिमेला धूमकेतू दिसला, तर शेपूट क्षितिजापासून वरच्या बाजूला असणार. सूर्यापासून दूर निघालेल्या धूमकेतूची शेपूट तर पुढं असते आणि डोकं मागून येतं.