वर्गाच्या नावावरून फिल्टरचा क्रम ठरत नाही

चाळणी
जावा वेब ॲपमधले फिल्टर म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हलेटपर्यंत, म्हणजे तिला उत्तर देणाऱ्या कोडपर्यंत, पोचण्याआधी धावणारे वर्ग (क्लास). त्यांच्याबद्दल "@वेबफिल्टर लावा, वर्गांची नावं ए०१, ए०२ ठेवा, त्याच क्रमाने धावतील" असा सल्ला एका पोस्टमध्ये वाचला आणि राहवेना. सर्व्हलेट ३.० मध्ये, २००९ साली, वर्गावर खुणेसारखं लिहायचं हे अ‍ॅनोटेशन आलं, पण त्यात क्रम सांगायला जागाच ठेवलेली नाही. एखाद्या कंटेनरवर (टॉमकॅटसारख्या, सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरवर) नावाप्रमाणे लागले म्हणून दुसऱ्यावर तसेच लागतील याची हमी कुणीच देत नाही.
क्रम हवा तर वेब डॉट एक्सएमएल ही कॉन्फिगरेशन फाइल. तिथेही फिल्टर आधी कुठला घोषित केला याला महत्त्व नाही, मोजला जातो मॅपिंगचा (कुठला फिल्टर कशाला लागतो या नोंदींचा) क्रम. शिवाय यूआरएल-पॅटर्नवाली मॅपिंग सगळी आधी, सर्व्हलेट-नेमवाली नंतर. सर्व्हलेट-नेमवालं फाइलच्या डोक्यावर लिहिलं तरी ते मागेच जातं.

कोरी पाटी
नावांचा मुद्दा मान्य. पण उपाय म्हणून वेब डॉट एक्सएमएल? स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कचा एम्बेडेड (आतच बसवलेला) टॉमकॅट ती फाइल वाचतच नाही. फिल्टर नोंदवणारं फिल्टररजिस्ट्रेशनबीन घ्या, सेटऑर्डरने आकडा द्या, काम संपलं. आकडा जितका लहान तितका फिल्टर आधी. लॉगिन आणि परवानग्या तपासणारी स्प्रिंग सिक्युरिटी मुळात -१०० वर असते. आपल्या फिल्टरला आकडा दिला नाही तर तो सर्वात शेवटी, म्हणजे सिक्युरिटीच्या नंतर.

चाळणी
सगळं जग बूटवर नाही. आणि वॉर (पॅकेज फाइल) बनवून बाहेरच्या टॉमकॅटवर टाकलंत तर? बूट मॅपिंग नोंदवताना 'मॅच-आफ्टर' फॉल्स ठेवतं, म्हणजे बूटचे फिल्टर वेब डॉट एक्सएमएलमधल्यांच्या आधी घुसतात. तुमच्या आकड्यांचं राज्य तुमच्याच फिल्टरांपुरतं.

आडवा फाटा
आकडा, फाइल, काहीही घ्या; खरी रड वेगळीच आहे. जेडब्ल्यूटी (लॉगिनचं सही केलेलं टोकन) तपासणाऱ्या फिल्टरवर @कंपोनंट लावून त्याला बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) करायचं आणि वर अ‍ॅडफिल्टरबिफोरने सिक्युरिटी चेनमध्येही (स्प्रिंग सिक्युरिटीच्या स्वतःच्या फिल्टरांच्या साखळीत) घालायचं. बूट प्रत्येक फिल्टर बीन आपणहून कंटेनरमध्ये नोंदवतं, म्हणजे तो दोनदा लागला. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हेच!

कोरी पाटी
म्हणून तर वन्सपररिक्वेस्टफिल्टर आहे. त्यातून वारसा घेतला की एकदाच धावतो. उगाच घाबरवू नका.

आडवा फाटा
एकदाच धावतो, पण कुठल्या जागी? हे न पाहता सल्ले देता, याचाच राग येतो. त्याच फिल्टरवर @ऑर्डर लावून त्याला सर्वात पुढे आणलं असं धरा. कंटेनरमध्ये तो सिक्युरिटीच्या आधी धावतो, सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये ऑथेंटिकेशन (वापरकर्ता कोण ही नोंद) ठेवतो आणि "मी झालो" अशी खूण रिक्वेस्टवर सोडतो. मग सिक्युरिटी चेन सुरू होते. तिचा सिक्युरिटीकॉन्टेक्स्टहोल्डरफिल्टर स्वतःचा कॉन्टेक्स्ट बसवतो, तुमचा गेला. पुढे चेनमधली तुमच्या फिल्टरची पाळी येते, तर खूण दिसते आणि तो वगळला जातो. टोकन बरोबर, सही बरोबर, मुदत शिल्लक, तरी ४०१ (ओळख पटली नाही). मग माणसं टोकनची किल्ली (की) तपासत बसतात.
आणि साधा फिल्टर असेल तर टोकन दोनदा उलगडलं जातं, लॉगमध्ये प्रत्येक ओळ दोनदा.
उपाय: त्या फिल्टरसाठी फिल्टररजिस्ट्रेशनबीन करून सेटएनेबल्ड फॉल्स. नाहीतर त्याला बीन करूच नका, चेन बांधताना न्यू करून द्या.

कोरी पाटी
ठीक, हा सापळा खरा आहे. पण दोष क्रमाचा नाही, दुहेरी नोंदणीचा आहे.

आडवा फाटा
@ऑर्डर काढा, चारशेएक जातो. म्हणजे दोष दोघांचाही.

चाळणी
@ऑर्डरचा विषय निघालाच आहे तर: @कंपोनंटवर तो चालतो, पण @वेबफिल्टर आणि @सर्व्हलेटकंपोनंटस्कॅन (असे वर्ग शोधून नोंदवणारी बूटची खूण) यांच्या जोडीत चालत नाही. निमूट दुर्लक्षित होतो, चूक दाखवतही नाही.

मागचा बाक
एन्कोडिंगबद्दल, म्हणजे आलेले बाइट कुठली अक्षरं म्हणून वाचायचे याबद्दल, कुणीच बोलत नाही. सेटकॅरॅक्टरएन्कोडिंग हे पॅरामीटर वाचण्याआधीच व्हायला हवं. पुढे बसवलेल्या ऑडिट फिल्टरने एकदा गेटपॅरामीटर केलं की फॉर्मची बॉडी तिथेच वाचली जाते, नंतरचा एन्कोडिंग फिल्टर निरुपयोगी. 'नमस्कार'च्या जागी 'à¤¨' अशी अक्षरं डेटाबेसात जातात. बूटचा एन्कोडिंग फिल्टर सर्वात पुढच्या आकड्यावर आहे, पण तुमचा बॉडी वाचणारा फिल्टरही त्याच आकड्यावर बसवलात तर आधी कोण, याचा भरवसा नाही.

कोरी पाटी
यावर वाद नाही. रिक्वेस्ट गुंडाळणाऱ्या (तिच्यावर रॅपर चढवून पुढे देणाऱ्या) फिल्टरचा आकडाही शून्य किंवा त्याखाली ठेवा.

चाळणी
बूटपुरतं तुमचं मान्य करतो, नाइलाजाने. वेब डॉट एक्सएमएलवाल्यांनी अ‍ॅनोटेशन काढायचीही गरज नाही: फिल्टरनेम तेच ठेवून मॅपिंग फाइलमध्ये लिहा, फाइलमधलं अ‍ॅनोटेशनवर मात करतं.

आडवा फाटा
आणि भांडण्याआधी बूटचं लॉगिंग डॉट लेव्हल डॉट वेब हे सेटिंग डीबग करून अ‍ॅप सुरू करा. सुरुवातीलाच प्रत्येक फिल्टर, त्याचा आकडा आणि यूआरएल छापून येतात. जेडब्ल्यूटी फिल्टर त्या यादीत दिसला आणि सेटएनेबल्ड फॉल्स केलेलं नसेल, तर तो कंटेनरमध्येही नोंदलेला आहे.