फवारणी करून भागत नाही
"जिवाणू प्लास्टिक खातात, तर कचऱ्याच्या डोंगरांवर फवारत का नाहीत?" हा नेहमीचा प्रश्न रास्त आहे, "कंपन्यांनाच नको असतं" हे त्यावरचं उत्तर मात्र पटलं नाही. जपानी संशोधकांनी २०१६ साली जाहीर केलेल्या इडिओनेला साकाएन्सिस या जिवाणूने ३० अंश सेल्सिअसला पेटची (पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) पातळ फिल्म साधारण सहा आठवड्यांत फस्त केली खरी, पण ती फिल्म जवळपास अस्फटिक होती, म्हणजे तिच्यातले रेणू सैल, विस्कळीत होते. बाटलीतले रेणू ताणून घट्ट रचलेले असतात, त्यामुळे प्लास्टिक तोडणाऱ्या जिवाणूच्या विकराला (एन्झाइमला) शिरकावच मिळत नाही. २०२२ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने केलेलं फास्ट-पेटेझ हे सुधारित विकर बरंच चपळ, तरी अख्ख्या बाटलीला आधी उष्णता द्यावीच लागली.

आणि पिशव्या? त्या बहुतेक पॉलिथिनच्या. हे विकर ज्यावर चालतं तो एस्टर बंध, म्हणजे पेटच्या साखळीतल्या कड्या जोडणारा दुवा, त्यात नसतोच.