शॉकअप घरी बदलले, आता स्टेअरिंग फिरवलं की टणकन आवाज येतो

प्रश्न:
पुढचे दोन्ही शॉकअप रविवारी घरीच बदलले, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) फाटले होते म्हणून लोअर आर्मपण (चाकाला खालून धरणारे दांडे) दोन्ही नवे टाकले. व्हिडिओ बघत बघत केलं, दिवसभर लागला. आता उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की उजवीकडून टणकन आवाज येतो आणि पायाखाली झटका जाणवतो. शिवाय गाडी डावीकडे ओढते. सगळे नट परत तपासले, एकही ढिला नाही. घरचे याच गाडीत बसतात, त्यामुळे चालवायची भीती वाटतेय.

उत्तर १:
दादा आधी गाडी चालवणं थांबवा. माझ्या मते शॉकअपवरची स्प्रिंग बरोबर बसलेली नाही. खालच्या सीटमध्ये एक पायरी असते बघा, स्प्रिंगचं टोक तिला टेकायला पाहिजे. टोक त्या पायरीवर चढून बसलं की स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग पिळ खाते आणि एकदम सुटते, तोच तो टणकन आवाज. वरचं बेअरिंग उलटं बसलं तरी असंच होतं, तेपण बघा. दुसऱ्या कोणाला स्टेअरिंग फिरवायला लावा आणि तुम्ही लांबून स्प्रिंगकडे बघा, बोटं मध्ये घालू नका. आणि परत खोलताना स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग आवळून धरणारं हत्यार) स्प्रिंग दाबून ती सीटवर सैल झाल्याशिवाय वरच्या मधल्या नटला अजिबात हात लावायचा नाही, ती सुटली तर जीवावर बेतेल, हे कळकळीने सांगतोय.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण आर्मचे बोल्ट कधी आवळले ते सांगा. चाक हवेत लटकत असताना ना? बहुतेक जण तिथेच चुकतात. बुशमधलं रबर मधल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की नळी जागेवर जाम होते. मग गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात. आडवे बोल्ट सैल करा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाने आवळा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, स्टँड लावाच.

उत्तर ३:
ओढते त्याचं कारण कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल, असेल. शॉकअपला नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथे जोडतात तिथलं भोक बऱ्याच गाड्यांत थोडं लांबट असतं, जुनी खूण न करता खोललं की चाकाचा कोन बदलतो. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागेल, पण स्प्रिंग आणि बुश नीट झाल्यावरच.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार. आज खोललं, उजव्या स्प्रिंगचं टोक पायरीवर चढलेलं होतं आणि सीटच्या रंगावर ताजा चकचकीत ओरखडा पडला होता. आर्मचे बोल्टपण हवेतच आवळले होते, सैल करून गाडी खाली घेतली तेव्हा टक करून नळी फिरलेली ऐकू आली. आता आवाज पूर्ण बंद आहे, ओढणं अजून आहे, उद्या अलाइनमेंटला नेतो.